पेशीशास्त्रात पीएचडी करणाऱ्या मुलीचं "विशेष प्रावीण्य" दोन ओळींत कसं लिहायचं?

सुलभा_कल्याण
आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार असतो. दहावी, बारावी, सीए, झालंच तर कुणाची अबॅकसची चौथी लेव्हल. यंदा सेक्रेटरी म्हणाले, तुमच्या भाचीचंही नाव द्या, अमेरिकेत शिकतेय. भाची तिथे सेल बायॉलॉजीत पीएचडी करते, पाचवं वर्ष चालू आहे. भाऊ-वहिनी बी विंगमध्येच राहतात, शाल-श्रीफळ तेच घेतील.

फॉर्ममध्ये रकाने असे: परीक्षेचं नाव, टक्केवारी, क्रमांक, विशेष प्रावीण्य (दोन ओळींत). भाचीला फोन केला तर आधी हसतच सुटली. मग म्हणाली, "आत्या, टक्के नसतात गं. क्वालिफाइंग पास झालेय, एफ-३१ मिळालीय, डिसेंबरात पोस्टर होतं त्याला बक्षीस मिळालं, एका पेपरात दुसरं नाव आहे, माझा स्वतःचा पेपर रिव्ह्यूला गेलाय." मला यातलं एक अक्षर कळलं नाही. इथे बरीच शास्त्रवाली मंडळी आहेत. यातलं मोठं काय, किरकोळ काय? आणि मुळात या मुलांचं यश मोजतात तरी कसं?

टिंगू
टक्केवारीत ९९.९९ ठोकून द्या. कोण मार्कशीट मागतंय?

निवांत
पाचवं वर्ष? मध्ये कुठे अडकली का? राग मानू नका, खरंच विचारतोय.

बोस्टनस्थ
@निवांत, अडकलेली नाही. तिकडे जीवशास्त्रातली पीएचडी पाच-सहा वर्षं चालतेच. पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काही आठवडे काम करून बघायचं, त्याला रोटेशन म्हणतात. मग एक लॅब निवडायची. दुसऱ्या वर्षाच्या आसपास क्वालिफाइंग: स्वतःचा संशोधन आराखडा लिहायचा आणि चार-पाच प्राध्यापकांपुढे उभं राहून त्याचा बचाव करायचा. ही मंडळी तासनतास सोलून काढतात. जमलं नाही तर मास्टर्स हातात देऊन निरोप.

एफ-३१ ही एनआयएचची, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची फेलोशिप. अर्ज मुलीनेच लिहायचा, तज्ज्ञांची समिती गुण देते, आणि पैसा मुलीच्या नावाने येतो. सुलभाताई, माझ्या मते यादीत हे सगळ्यात वजनदार. डिसेंबरातलं पोस्टर म्हणजे बहुतेक अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीचं वार्षिक अधिवेशन. केवढा तो हॉल, रांगेने पोस्टरं, आणि आपल्या पोस्टरपुढे उभं राहून येईल त्याला तेच तेच समजावत राहायचं. तिथे बक्षीस म्हणजे चांगलंच.

टिंगू
फॉर्मवर "एफ-३१" लिहू नका हां. मंडळ जाहीर करेल की मुलगी लढाऊ विमान चालवते.

आंबोळी
हहपुवा. वाचतेय. मीही याच पंथातली, पुण्यात पीएचडी केली. सविस्तर संध्याकाळी लिहिते, आत्ता पेशी वाट बघतायत.

खडूस_काका
माफ करा, पण हे सगळं म्हणजे फेलोशिप मिळाली, बक्षीस मिळालं, परीक्षा पास झाली. एवढ्या वर्षांत शोध काय लावला? आमच्या वेळी पीएचडी म्हणजे जगाला ठाऊक नसलेलं काहीतरी सांगणं. हल्ली नुसते सर्टिफिकेटांचे गठ्ठे.

पेशीवाला
काका, शोधच हवा ना? घ्या. कॅरल ग्रायडर. १९८४ साली बर्कलीला एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या लॅबमध्ये नवीन विद्यार्थिनी, वय २३. डिस्लेक्सियामुळे जीआरईचे, म्हणजे तिकडच्या प्रवेश परीक्षेचे, गुण बेतास बात, अनेक विद्यापीठांना अर्ज केले आणि जेमतेम दोघांनी घेतलं. (टक्केवारीचा रकाना बनवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

प्रश्न असा होता. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात. पेशी दर वेळी दुभंगताना डीएनएची नक्कल होते तेव्हा टोक थोडं थोडं झिजायला हवं. मग ते भरून कोण काढतं? ब्लॅकबर्नबाईंना वाटत होतं, एखादं अनोळखी एन्झाइम असणार. ग्रायडरने त्यासाठी टेट्राहायमिना नावाचा तळ्यातला एकपेशी जीव घेतला, कारण त्याच्यात टोकं भरपूर. पेशी फोडून त्यांच्या अर्कात कृत्रिम टोकं आणि किरणोत्सारी न्यूक्लिओटाइड (डीएनएची सुटी अक्षरं) घालायची, जेलवर चालवायचं म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात, फिल्म धुवायची. १९८४ च्या नाताळच्या दिवशी तिने फिल्म धुतली, तर त्यावर शिडी: सहा-सहा अक्षरांच्या अंतराने एकावर एक पट्ट्या. टेट्राहायमिनाच्या टोकात जो सहा अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो तोच जोडला जात होता. ते टेलोमरेज. २००९ चं नोबेल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टॅक यांना.

मला त्या नाताळपेक्षा पुढचे महिने जास्त आवडतात. दोघींनी पेढे वाटले नाहीत. डीएनएची नेहमीची नक्कल करणारं साधंच डीएनए पॉलिमरेज आपल्याला फसवत असेल तर, म्हणून तो निकाल पाडायचा जमेल त्या वाटेने प्रयत्न केला. पेपर छापून आला तो १९८५ च्या डिसेंबरात. वर्षभर स्वतःच्याच शोधावर संशय घेत बसायचं. आता हे दोन ओळींत बसवा.

चहाबाज
म्हणजे नाताळालाही सुट्टी नाही. आता कळलं पीएचडीवाल्यांची लग्नं का लांबतात.

आंबोळी
आले. @चहाबाज, पेशींना सण कळत नाहीत. माझ्या तिसऱ्या वर्षाचं लक्ष्मीपूजन मी कल्चर रूममध्ये केलं. पेशी ज्या द्रवात वाढवतो त्यात रंग घातलेला असतो. ताजा असताना लालसर गुलाबी, पेशी दाटल्या आणि आम्ल साचलं की नारिंगी, मग पिवळा. सकाळी फ्लास्क नारिंगी दिसला म्हणजे संध्याकाळपर्यंत पेशी उतरवून दुसरीकडे लावायलाच हव्यात, नाहीतर मरतात. चकलीचे तेलकट हात आधी साबणाने धुतले, वर स्पिरिट मारलं, हातमोजे घातले, वर परत स्पिरिट. हूडच्या (पेशी हाताळायच्या निर्जंतुक कपाटाच्या) पंख्याची घरघर आणि बाहेर लवंगी माळा. आईचा फोन येत होता, पण हूडमध्ये हात असताना उचलणार कसा?

काकांना एवढंच सांगते की असे दिवस कुठल्याच सर्टिफिकेटात येत नाहीत, आणि कामाचा बराचसा भाग असाच असतो.

खडूस_काका
ग्रायडर मान्य. पण ती एक. नोबेलवाल्यांची नावं फेकून सगळ्या पोरांना तराजूत घालू नका.

प्रा_निवृत्त
एक नव्हे. पेशीशास्त्राच्या इतिहासात विद्यार्थ्यांची नावं जागोजागी आहेत, फक्त ती व्यासपीठावर दिसत नाहीत.

रँडी शेकमन यांना २०१३ चं नोबेल मिळालं. पेशी आपली प्रथिनं छोट्या पिशव्यांत, म्हणजे व्हेसिकलांत भरून बाहेर कशी पाठवते, त्याची जनुकं त्यांनी यीस्टमध्ये शोधली. हे काम हाताने केलं पीटर नोविक या त्यांच्या विद्यार्थ्याने. नोविक यांनी sec१ हा पहिला म्युटंट, म्हणजे एक जनुक बिघडलेला यीस्ट, काढला, तो असा की तापमान ३७ अंशांवर नेलं की पेशीच्या आत व्हेसिकलांचा खच पडतो, बाहेर काहीच जात नाही. पुढची युक्ती फार देखणी होती. माल आत बनत राहतो पण पेशी आकाराने वाढत नाही, म्हणजे ती जड होत जाणार. मग घनतेच्या द्रावणात फिरवून जड पेशी तेवढ्या तळाशी वेगळ्या केल्या, आणि १९८० च्या पेपरात २३ जनुकं हजर केली. नोबेल एका विषयात तिघांपलीकडे जात नाही, त्या वर्षी ते शेकमन, रॉथमन आणि स्यूडहॉफ यांना गेलं.

ता. क. वर sec इंग्रजीत पडलं, मोबाइलवर लिहितोय. सेक-१ असं वाचावे.

निवांत
म्हणजे काम पोराचं, हार गाईडला. आपल्याकडेही तेच.

बोस्टनस्थ
इतकं सरळ नाही. प्रश्न कोणाचा, पैसा कोणाचा, दोन वर्षं काहीच निघालं नाही तेव्हा धीर कोणी दिला, हेही बघावं लागतं. लेखकांची यादी आपल्या लग्नपत्रिकेसारखी असते. ज्याचं लग्न आहे त्याचं नाव आधी, कर्ते वडीलधारे शेवटी, मध्ये काका-मामा, आणि कुणाचं राहिलं तर आयुष्यभराचा रुसवा. म्हणून हल्ली दोन-दोन नावांवर चांदणी टाकून "दोघांचा वाटा समान" असं लिहितात. सुलभाताई, भाचीचं "दुसरं नाव" चांदणीचं आहे का विचारा. असेल तर तो वेगळाच मान.

सुलभा_कल्याण
विचारते. बाकी सगळं रस घेऊन वाचतेय, चालू द्या.

गोमंतक_गंधा
आपल्या माणसांत कमला सोहोनींचं नाव कोणी घेतलं नाही अजून? माहेरच्या भागवत. १९३३ साली मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिल्या आल्या, बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाकारला. ही बाई उठून तिथे गेली आणि हटून बसली. शेवटी घेतलं, तेही वर्षभर पारखून मग बघू या अटीवर. पुढे केंब्रिजला. बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम-सी हे प्रथिन सापडलं आणि वनस्पतींच्या पेशींत श्वसनासाठी ते असतं असा निष्कर्ष त्यांनी मांडला. १९३९ ची पीएचडी, प्रबंध उणापुरा ४० पानांचा. आमच्याकडे प्रबंधाचं वजन किलोत मोजतात, म्हणून ही पानं मला विशेष आवडतात.

मुंबईत परत येऊन नीरेच्या पौष्टिकतेवर काम केलं, तेही आदिवासी मुलांच्या आहारासाठी. विज्ञानातली पहिली भारतीय महिला पीएचडी म्हणून त्यांचं नाव घेतात.

प्रा_निवृत्त
जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डीएस्सी १९३१ सालीच मिळाली होती. आणि त्या तर नखशिखांत पेशीशास्त्रज्ञ: उसाची गुणसूत्रं मोजणं, संकर करणं, पुढे डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा ॲटलास, १९४५. पदवीचं नाव वेगळं, म्हणून "पहिली" कोण हा वाद निघतो. मला दोघीही पुरतात.

टिंगू
सोसायटीत असा वाद निघाला असता तर पहिला क्रमांक विभागून दिला असता.

चहाबाज
अवांतर: या पोरांना पैसे किती मिळतात?

आंबोळी
भारतात नेट पास झालेल्या ज्युनियर फेलोला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी सीनियर झालं की ४२,०००. वर घरभाडं. कागदावर. खात्यात कधी येतात हा वेगळा विषय. माझ्या वेळी एकदा इतका खंड पडला की मेसवाल्या काकूंनी वहीत नावापुढे नुसती रेघ मारायला सुरुवात केली होती.

बोस्टनस्थ
गंमत बघा, अमेरिकेत एनएसएफची, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानची नामांकित फेलोशिप आहे, तिचा आकडाही ३७,०००. डॉलर, पण वर्षाला.

निवांत
वर्षाला?! तिथलं भाडं बघता आपली पोरं बरी म्हणायची.

खडूस_काका
विषय भरकटला. माझा मुद्दा तसाच आहे. नोबेलच्या आसपासची कामं मी मानतो. पण जिथे काहीच सापडलं नाही, त्या मुलांचं काय? पदवी तर त्यांनाही देताच.

आंबोळी
काका, मग सू ग्वो यांची गोष्ट ऐका. कॉर्नेल विद्यापीठात केन केम्फ्यूज यांच्या लॅबमधली विद्यार्थिनी. सी. एलेगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा कृमी. त्याचं पार-१ नावाचं जनुक बंद पाडायचं होतं. त्यासाठी उलट्या अक्षरांचा आरएनए, अँटिसेन्स, टोचला. जनुक बंद पडलं. छान. आता नियमाप्रमाणे कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना हवा, म्हणून सुलट आरएनए टोचला. त्याने काहीच व्हायला नको. पण त्यानेही जनुक बंद पडलं!

लॅबमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, कंट्रोलने असा दगा दिला की पोटात गोळा येतो. पुष्कळ लोक अशा वेळी "तांत्रिक अडचण" म्हणून ती आकृती ड्रॉवरमध्ये टाकतात. यांनी १९९५ च्या पेपरात सरळ लिहून टाकलं की असं होतंय, कारण माहीत नाही. तीन वर्षांनी फायर आणि मेलो यांनी दाखवलं की खरा खेळ दुहेरी आरएनएचा आहे, आणि तो दोन्ही नमुन्यांत थोडाथोडा मिसळलेला असणार. आरएनए इंटरफिअरन्स. २००६ चं नोबेल. ग्वो यांना तेव्हा काहीच "सापडलं" नव्हतं. एक नको असलेला निकाल त्यांनी जसाच्या तसा ठेवला होता.

खडूस_काका
हं. हे मात्र पटलं. म्हणजे यश मानायला पटलं. दोन ओळींचं मला विचारू नका.

पेशीवाला
आंबोळीला अनुमोदन. रोटेशनचीही एक गोष्ट आहे. जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन, जीएफपी, आज प्रत्येक पेशीशास्त्राच्या लॅबमध्ये आहे. १९९२ मध्ये कोलंबिया विद्यापीठात मार्टिन चॅल्फी यांच्याकडे घिया युस्कर्चन नावाची विद्यार्थिनी रोटेशनला आली. चॅल्फींनी सहज म्हणून तिला ते जनुक बॅक्टेरियात घालून बघायला दिलं. महिन्याभरात बॅक्टेरिया हिरवे चमकले, आणि ते पाहायला ती आधीच्या लॅबमधल्या सूक्ष्मदर्शकापाशी गेली, कारण तिथला जास्त चांगला होता. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल या प्रथिनाला.

आणि ज्या डग्लस प्रेशर यांनी ते जनुक वेगळं काढून चॅल्फींना पाठवलं, ते नोबेल जाहीर झालं तेव्हा अलाबामात गाड्यांच्या शोरूमची शटल चालवत होते. अनुदान संपलं, नोकरी गेली. ही गोष्ट मी नवीन विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात सांगत नाही.

चहाबाज
चांगला मूड होता हो माझा.

बोस्टनस्थ
मोजमापाच्या मूळ प्रश्नाकडे. "कुठल्या जर्नलमध्ये छापलं" यावर माणसाची किंमत करायची, हा रोग आमच्याच क्षेत्रात सगळ्यात जास्त. त्यावर ओरड सुरू झाली तीही इथूनच. २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या अधिवेशनात काही संपादक आणि संशोधक जमले आणि "डोरा" जाहीरनाम्याची सुरुवात झाली: जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या पेपरांचा सरासरी किती उल्लेख होतो त्या आकड्यावरून) माणूस तोलू नका, काम वाचा. सह्या खूप झाल्या. नेमणुकीच्या वेळी मात्र समितीतले लोक अजूनही आधी जर्नलचं नाव बघतात.

प्रा_निवृत्त
भारतात यूजीसीने २०२२ च्या नियमांत पीएचडीआधी पेपर छापायची सक्ती काढली. त्या सक्तीपायी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं उखळ पांढरं झालं होतं. सक्ती गेली हे मला योग्य वाटतं. काही सहकाऱ्यांच्या मते आता पोरं आळशी होतील.

निवांत
सुलभाताई, सगळं झालं, पण भाची नेमकं करते काय हे विचारलंत का?

सुलभा_कल्याण
काल रात्री विचारलं, तासभर बोलत होती. मला जे कळलं ते असं. मज्जापेशीची तार खूप लांब असते. पाठीच्या कण्यापासून पावलापर्यंत जाणारी तर मीटरभर. पेशीत ऊर्जा बनवणारी मायटोकॉन्ड्रिया त्या टोकापर्यंत पोचवायला आत सूक्ष्मनलिकांचे रस्ते असतात आणि कायनेसिन नावाचं प्रथिन ओझं घेऊन त्यांवरून चालत जातं. चालतं म्हणजे खरंच दोन पायांनी चालतं म्हणे, एक पाऊल ८ नॅनोमीटरचं. ही फळमाशीच्या अळीत ते बघते. मला व्हिडिओ पाठवला. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके, काही सरसर जातात, काही मध्येच थांबतात, एखादा उलटा फिरतो. का थांबतात, हा तिचा प्रबंध.

चांदणी नाही, साधंच दुसरं नाव आहे.

मग मी विचारलं, तुला स्वतःला कशाचं समाधान वाटतं? मला वाटलं फेलोशिप म्हणेल. ती म्हणाली, लॅबमध्ये एक अँटिबॉडी सगळे वापरत होते, ती एका ठरावीक प्रथिनालाच चिकटते असं धरून. हिने त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलेल्या माश्या घेतल्या, तरी ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं दाखवणाऱ्या चाचणीत, पट्टी तिथेच. म्हणजे अँटिबॉडी भलत्यालाच चिकटत होती. आधीच्या एका मुलाचं अर्धं काम त्यावर उभं होतं. गाईडबाईंनी पाठवायला काढलेला पेपर थांबवला. "आत्या, हे बायोडेटात लिहिता येत नाही," म्हणाली.

पेशीवाला
सुलभाताई, त्या पोरीला माझा नमस्कार सांगा. असा निकाल लॅब मीटिंगमध्ये उभं राहून दाखवायला काय लागतं ते ठाऊक आहे. ज्या मुलाचं काम होतं तो समोरच बसलेला असतो.

आंबोळी
+१. आणि थांबवणाऱ्या गाईडलाही. सगळ्याच थांबवत नाहीत, एवढंच म्हणते.

बोस्टनस्थ
कायनेसिनचा शोधही एका विद्यार्थ्याचाच आहे. रॉन वेल, स्टॅनफर्ड. स्क्विडची मज्जातंतूची तार इतकी जाड असते की आतला द्रव पिळून काढता येतो. पण १९८३ मध्ये एल निन्योमुळे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर स्क्विडच मिळेनात. म्हणून वेल आणि माइक शीट्झ देशाच्या दुसऱ्या टोकाला वुड्स होलला गेले. माल ॲक्टिनच्या धाग्यांवरून जात असेल असा अंदाज होता, निघाला सूक्ष्मनलिकांवरून. १९८५ मध्ये कायनेसिन. वेल मुळात डॉक्टरकी आणि पीएचडी एकत्र करत होते, डॉक्टरकी अर्धवटच सोडली. २०१२ चं लास्कर पारितोषिक त्यांना, शीट्झना आणि स्पुडिचना मिळालं. पुढे बंगळूरला एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्रातही राहून गेले, आणि इंडियाबायोसायन्स हे इथल्या जीवशास्त्रज्ञांना जोडणारं व्यासपीठ उभं करण्यात त्यांचा हात आहे.

चहाबाज
मेडिकलची सीट सोडली? स्क्विडसाठी? त्यांच्या आईला कोणी सांगितलं?

टिंगू
कोकणातला असता तर स्क्विड तळून खाल्ला असता आणि डॉक्टर झाला असता.

गोमंतक_गंधा
आमच्याकडे माणक्यांचं रवा फ्राय करतात. विज्ञानाचं नुकसान आम्हाला मान्य आहे.

निवांत
दोन ओळींचा मसुदा मी करतो: "अमेरिकेत पेशीशास्त्रात पीएचडी, तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेची फेलोशिप प्राप्त. मज्जापेशींतील ऊर्जावहनावर संशोधन, अधिवेशनात पारितोषिक."

खडूस_काका
अँटिबॉडीचं राहिलं.

निवांत
काका, तुम्हीच सर्टिफिकेटवाले नव्हतात का? ते दोन ओळींत कसं बसवू? "सहकाऱ्याचे संशोधन चुकीचे ठरवले" असं सूत्रसंचालकाने माइकवर वाचलं तर?

खडूस_काका
"संशोधनातील त्रुटी वेळीच उघड करून लॅबचे नुकसान टाळले." घ्या. सरकारी नोकरीत ३० वर्षं टिपणं लिहिलीत मी.

आंबोळी
काका, माझ्या पुढच्या अनुदानाचा अर्ज तुम्हीच लिहा.

सुलभा_कल्याण
काकांचं वाक्य घातलं. सेक्रेटरींनी फॉर्म घेतला, टक्केवारीचा रकाना बघितला आणि म्हणाले, "रिकामा ठेवला तर एक्सेल पुढे जात नाही." शेवटी "लागू नाही" लिहिलं. त्यांनी भाऊंना विचारलं, "लागू नाही म्हणजे नापास ना?" वहिनींनी जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येत नाही.

रुईआ_पास
उशिरा आलो, सगळा धागा वाचला. मुलगा बारावीला आहे, बायोची आवड, पण मेडिकलची नीट परीक्षा द्यायची नाही म्हणतो. याच मार्गाला लावावं का? आणि लावायचं तर कसं?

आंबोळी
लावू नका, जायचं तर तो जाईल. आयसर या विज्ञान संस्थांची आयएटी प्रवेश परीक्षा द्यायला सांगा, पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे, पुण्यातही आहे. बीएस्सी करायचं असेल तर उन्हाळ्यात विज्ञान अकादमींची समर फेलोशिप मिळते, दोन महिने लॅबमध्ये काम करता येतं. पुढे पीएचडीसाठी टीआयएफआर-एनसीबीएसची जेजीईईबीआयएलएस ही प्रवेश परीक्षा. पण त्याआधी एखाद्या लॅबमध्ये त्याला दिवसभर बसवा. पिपेट धरून धरून अंगठा दुखला आणि तरी दुसऱ्या दिवशी गेला, तर मग मला व्यनि करा.

रुईआ_पास
धन्यवाद. बायकोला कसं सांगायचं त्यासाठी वेगळा धागा काढतो.